झरीविनायकापुढचा चढ

निशिगंधाला पहिला संशय आला तो मुलीच्या मोज्यांवरून. शाळेचे पांढरे मोजे, आणि घोट्यापर्यंत तांबडे. रत्नागिरीत चालत घरी येणाऱ्या पोरीच्या मोज्यांना माती लागायचीच, पण ही धूळ विणीच्या आत मुरली होती. ब्रशने घासले तरी बादलीतलं पाणी तीनदा तांबडं निघालं. असं आठवडाभर चाललं. मग एका शनिवारी ती लॅबमधून लवकर निघाली आणि शाळेच्या मैदानाच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली.

मनस्वी धावत होती. बारा वर्षांची काटकुळी पोर, दोन्ही वेण्या मागे उडताहेत, तोंड अर्धं उघडं. ती सगळ्यांच्या पुढे होती. मागच्या मुलीत आणि तिच्यात चांगलं दहा पावलांचं अंतर होतं. दुसरी कुणी आई असती तर अभिमानाने फुलली असती. निशिगंधाच्या हातातली पिशवी खाली पडली. तारेचं कुंपण दोन्ही हातांनी धरून ती जिवाच्या आकांताने ओरडली, "मनू! थांब! थांब म्हणते ना!"

सगळं मैदान थांबलं. खेळाच्या बाई शिट्टी तोंडात तशीच धरून बघत राहिल्या. मनस्वी मात्र थांबली नाही. ती रेषेपर्यंत धावली, रेषा ओलांडली आणि मग मान खाली घालून दप्तर उचलायला गेली.

दोघी घरी आल्या. दार लागल्यावर निशिगंधा म्हणाली, "शाळेच्या संमतीच्या कागदावर मी सही केली नव्हती."

"मी केली. तुझी सही मला येते."

"गौरवमामाचं तुला माहीत आहे ना?"

"रोज माहीत असतं मला ते." मनस्वी मागे हटली नाही. "माझा टू-डी इको दोनदा काढला. दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहे, खेळू दे तिला. तू होतीस ना तिथे? आणि तुझाही चांगला आला. मग तू कधी धावलीयस का, आई? बस समोरून सुटत असली तरी तू धावत नाहीस. दुसऱ्या बसची वाट बघतेस."

ते खरं होतं.

गौरव तिचा धाकटा भाऊ. राजापूरजवळच्या गावात दोघं वाढली. वडील तर तिला नीट आठवतही नव्हते. ते एकोणचाळिसाव्या वर्षी, चहा पिता पिता बसल्या जागी गेले होते. गावात म्हणाले, बाधा झाली. गौरव मोठा झाला, डोंगरातून धावत शाळेत गेला, धावत परत आला. आठ वर्षांपूर्वी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो पोलीस भरतीला दुसऱ्या जिल्ह्यात गेला. सोळाशे मीटरची धाव होती. तिसऱ्या फेरीत तो पडला तो उठलाच नाही. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची भिंत जन्मापासून जाड होती, कुणाला कळायचं कारण नव्हतं, घरातल्या बाकीच्यांनी तपासून घ्या. निशिगंधाने तपासून घेतलं. आई तुळसाबाईंना तपासायला लावलं, लेकीचंही तपासलं. सगळ्यांचं ठीक होतं. दोन-तीन वर्षांनी एकदा बघत जा, म्हणाले.

पण भीती काही रिपोर्ट वाचत नाही. निशिगंधा मारुती मंदिराजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. दुपारी दोन ते चार लॅब रिकामी असायची. तेव्हा ती आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची, पलंगावर आडवी व्हायची आणि स्वतःच्याच छातीला ईसीजीच्या वायरी लावायची. कागदाची पट्टी यंत्रातून सरकत बाहेर यायची, ठोके सारख्या अंतराने उमटलेले असायचे, तिला बरं वाटायचं. ते बरं वाटणं चार दिवस टिकायचं. कधी दोनच. हे नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. रितेश जयगडला बंदरावर कामाला, शिफ्ट सांभाळून घरी यायचा, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे त्याची बायको जरा काळजीखोर होती इतकंच.

त्याच आठवड्यात लॅबच्या डॉक्टरांनी सगळ्यांपुढे नावनोंदणीचे कागद टाकले. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी शहरात शर्यत होती, पाच किलोमीटरची. भाट्याच्या पुलापासून समुद्राकडेच्या रस्त्याने झरीविनायकाच्या देवळापुढचा चढ चढायचा, तिथून वळून परत. चालत गेलात तरी चालेल, म्हणाले. बाकीच्या पोरी हसत नावं लिहीत होत्या. निशिगंधाने पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. पोरीच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं होतं. तिने नाव लिहिलं आणि त्या दिवशी दुपारी दोनदा ईसीजी काढला.

तयारी अशी तिने काही केलीच नाही. कुणी बघेल म्हणून नव्हे, धावायची वेळ शक्य तितकी लांबणीवर पडावी म्हणून. शर्यतीच्या सकाळी ती पुलाच्या तोंडाशी पाच-सहाशे माणसांत उभी राहिली. मनस्वी आणि रितेश दोरीच्या पलीकडे होते. मनस्वी टाचा उंचावून हात हलवत होती. तिच्या तोंडावर असा आनंद होता, की निशिगंधाला तिच्याकडे बघवेना.

शिट्टी झाली. गर्दी हलली, आणि गर्दीबरोबर तीही. पहिली पाच मिनिटं ती सगळ्यांच्या वेगाने गेली. तेच चुकलं. सुरूचं बन अर्धं मागे पडलं तोवर तिच्या छातीत मुसळाचे घाव पडायला लागले. कानांत दुसरं काही ऐकू येईना. ती चालायला लागली. तरी ठोके कमी होईनात. तिसरी फेरी, तिच्या मनात आलं. त्यालाही असंच वाटलं असेल, आणि तो थांबला नसेल. शरमेने थांबला नसेल. बाजूने माणसं जात होती, कुणी हसत, कुणी फोनवर फोटो काढत. लॅबमध्ये रक्त द्यायला येणारे एक पिकल्या दाढीचे गृहस्थ परतीच्या बाजूने धावत येताना तिच्याकडे बघून म्हणाले, "हळू, बाय! घाई नको, हळू!"

देवळाच्या पुढे चढ सुरू झाला. पन्नास पावलांवर तिच्या डाव्या हाताला मुंग्या आल्या. खरोखर आल्या की तिला वाटल्या, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही. ती रस्त्याकडेच्या गडग्यावर, जांभ्याच्या बुटक्या भिंतीवर बसली. ओठ कोरडे पडले होते. स्वयंसेवकाचा टी-शर्ट घातलेल्या एका मुलीने वाकून विचारलं, "ताई, काही होतंय का?" तिला "नाही" म्हणायचं होतं. तोंडून निघालं, "हो."

सर्वांत मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेत तिला बसवलं. आतल्या डॉक्टर मुलीने रक्तदाब बघितला, बोटाला यंत्र लावलं, दोन मिनिटं थांबून परत बघितलं. "मॅडम, तुम्हाला काहीच झालेलं नाही. दम लागलाय आणि तुम्ही घाबरलायत. पाणी प्या." निशिगंधाला रडू आलं, ते सुटल्याचं होतं. गाडी पुलाशी थांबली, मागचं दार उघडलं आणि ती खाली उतरली.

समोर मनस्वी होती.

आईची वाट बघत ती शेवटच्या रेषेशी उभी होती आणि आई धावत येण्याऐवजी रुग्णवाहिकेतून उतरली. पोरीचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. ती पुढे आली नाही. रितेशचा शर्ट तिने पाठीमागून मुठीत धरला होता आणि ती मूठ घरी पोहोचेपर्यंत सुटली नाही.

"मला काही झालं नाही गं," निशिगंधा दहा वेळा म्हणाली. "नुसती घाबरले मी."

रात्रीची जेवणं झाल्यावर मनस्वी म्हणाली, "आई, तू आता धावू नकोस. मीपण नाही धावणार. मी बाईंना सांगते माझं नाव काढायला."

हेच तर हवं होतं निशिगंधाला. आठ वर्षं हेच हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेतून सरळ घरी यायला लागली. मोजे पांढरेशुभ्र. कुठे जायचं नाही, कुणाबरोबर खेळायचं नाही, जिना चढतानासुद्धा मध्ये थांबायची. बाईंचा फोन आला, "अहो, तिला समजवा जरा, अंगचा गुण घालवतेय." निशिगंधाने "बघते" म्हणून फोन ठेवला आणि तिला हायसं वाटलं.

मग एके दिवशी उजाडता उजाडता तिला जाग आली. नाकापाशी काहीतरी हलत होतं. तिने डोळे किलकिले केले. मनस्वी पलंगाशेजारी गुडघ्यांवर बसली होती आणि तिचा तळवा आईच्या नाकासमोर धरलेला होता. श्वास चालू आहे की नाही, ते बघत होती.

निशिगंधा हलली नाही. झोपेचं सोंग घेऊन पडून राहिली. गौरव गेल्यावर कित्येक महिने ती स्वतः अगदी अशीच झोपलेल्या मनस्वीपाशी बसायची. मुलीचा हात नाकासमोरून गेला, पावलं आतल्या खोलीत गेली, आणि निशिगंधाच्या अंगावर काटा उभा राहिला. चांगलं हृदय दिलं होतं तिने पोरीला. त्याच्यावर हे देऊन ठेवलं होतं.

तीन दिवसांनी पिकल्या दाढीचे ते गृहस्थ लॅबमध्ये आले. मन्सूरचाचा, राजिवड्याचे. दर तीन महिन्यांनी साखर तपासायला यायचे, तिच्याच हातून रक्त द्यायचे. तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस, वय एकसष्ट. शर्यत चौतीस मिनिटांत पुरी केली होती.

"तुला बघितली मी गाडीतून उतरताना," ते बाही वर करत म्हणाले. "काय झाला होता?"

"काही नाही. घाबरले होते."

"हां. मग ठीक. तो आजार मला म्हायत आहे." त्यांनी मूठ आवळली. "सकाळी सहाला भाट्याला ये. ओहोटी असली की वाळू घट्ट असते. मी असतो रोज."

ती दुसऱ्या दिवशी गेली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी, परत तो हात नाकासमोर आला तेव्हा, ती गेली.

मन्सूरचाचांची शिकवण फार साधी होती. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं दहा वेळा. आणि धावताना बोलायचं.

"बोलायचं? काय बोलायचं?"

"काय पण. काल जेवण काय केलंस ते सांग. बोलता येतंय तोपर्यंत वेग बरोबर. शब्द तुटायला लागला की समज, पाय जास्त पळतायत. लोक काय करतात, पहिल्या दिवशीच इंजिन फुल ठेवतात. गरम होणार नाही तर काय?"

म्हणून ती धावता धावता बांगड्याचं तिखलं कसं करतात ते सांगायची. त्रिफळं किती, चिंच कधी, तेल कच्चंच कसं वरून घालायचं. चाचा "हां, हां" करत शेजारून धावायचे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मिनिट संपेपर्यंत तिचा जीव मुठीत असायचा. डावा हात ती धावताना तीनतीनदा झटकून बघायची. भटकी कुत्री आडवी आली की चाचा दगड उचलल्यासारखं करायचे आणि ती त्यांच्या पाठीशी लपायची. पण मिनिटाचं दीड मिनिट झालं, दीडाचं तीन. जानेवारीच्या सुरुवातीला ती एका दमात पाच मिनिटं धावली आणि चाचांनी समुद्राकडे बघत म्हटलं, "माशाल्ला."

त्याच सुमाराला एका सकाळी सांगण्यासारखं जेवण उरलं नाही आणि तिच्या तोंडून गौरव बाहेर पडला. वडिलांचा चहा, भरतीचं मैदान, तिसरी फेरी, गावात आलेला फोन, आईने उंबऱ्यावर बसून धरलेलं डोकं. आठ वर्षांत तिने हे सलग कुणाला सांगितलं नव्हतं. शब्द तुटत होते, पण ते दमामुळे नव्हे. संपलं तेव्हा दोघं चालायला लागले होते.

मन्सूरचाचा म्हणाले, "आमच्या जहाजावर एकदा आग लागली, खाली इंजिनरूमला. मी वर पळालो. दोघं खाली राहिले. नंतर दुसऱ्या जहाजावर गेलो तर खाली उतरायची शिडी चढू की उतरू कळायचं नाही. पाय थरथरायचे. रोज."

"मग? गेली भीती?"

"नाही गेली." ते हसले नाहीत. "पण उतरलो. नोकरी संपेपर्यंत रोज उतरलो. पोटापाण्याचा मामला होता, न उतरून जातोय कुठे?"

मग ती गोष्ट घडली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, धावायचं संपवून ती वाळूवर चालत होती आणि तिच्या छातीत एक ठोका चुकला. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी आणि पाय खाली जावा, तसं. एकदा, आणि दहा पावलांवर परत एकदा. ती होती तिथे ओल्या वाळूत बसली. आलं, तिला वाटलं. आलंच शेवटी. चाचा काय म्हणताहेत ते तिला कळत नव्हतं. पाणी येऊन तिचे बूट भिजवून गेलं तरी ती उठली नाही.

तिचा इको बघणाऱ्या हृदयाच्या डॉक्टरांनी तिला चोवीस तास छातीला लावून फिरायचं यंत्र दिलं. दिवसभर ती काचेची वस्तू उचलून न्यावी तशी स्वतःला घेऊन हिंडली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला समोर बसवलं. "चोवीस तासांत अडतीस ठोके इकडेतिकडे झालेत. ते माझेही होतात, रस्त्याने चाललेल्या अर्ध्या लोकांचे होतात. परवा तू तपासून घेतलेला इको परत स्वच्छ आहे. आणि हे बघ, काल जिन्यावर तुला चढउतार करायला लावलं ना, त्या वेळात एकही नाही. हृदय कामाला लागलं की तुझं नीट चालतं. रिकामं बसलं की खोड्या करतं."

"म्हणजे धावू मी?"

"निशिगंधा, मी डॉक्टर आहे. धाव म्हणून सांगू शकतो. घाबरू नकोस म्हणून सांगायचं औषध माझ्याकडे नाही."

नऊ दिवस ती भाट्याला गेली नाही. दहाव्या दिवशी गेली. मन्सूरचाचांनी "कुठे होतीस" असं विचारलं नाही. "आज चार-चार मिनिटं," एवढंच म्हणाले आणि धावायला लागले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी त्याच रस्त्यावर दुसरी एक शर्यत होती. घरी तिने हे सांगितलं तेव्हा रितेश नुसता बघत राहिला. रोज पहाटे बायको चालायला जाते, असाच त्याचा समज होता. मनस्वीने ताट पुढे सरकवलं. "कशाला?" ती म्हणाली. "कशाला जातेस तू परत?"

"मागच्या वेळी मी धावले नव्हते, मनू. मी पळून आले होते. ते तू बघितलंस. आता दुसरं पण बघ."

"आणि तुला काही झालं तर?"

निशिगंधाला वचन द्यायचा मोह झाला. "डॉक्टर म्हणालेत होणार नाही," ती म्हणाली. "ते खरं बोलतात असं धरून चालायचंय मला."

मनस्वी दोरीपलीकडे उभी राहायला तयार नव्हती. तिने बाबांना स्कूटर काढायला लावली आणि शर्यत सुटायच्या आधीच चढावर जाऊन उभी राहिली, बरोबर त्या गडग्याजवळ.

या वेळी शिट्टी झाल्यावर निशिगंधाने सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. मन्सूरचाचा आदल्या दिवशीच सांगून गेले होते, "शर्यतीत मी थांबणार नाही हां, बाय. माझा मी, तुझी तू." सुरूचं बन, मग नुसता समुद्र, मग देऊळ. लोक तिला ओलांडून जात होते आणि ती पुटपुटत होती. देवळाशी तिने मनातल्या मनात हात जोडले. दोन किलोमीटर झाले होते. ती अजून धावत होती.

चढाच्या वळणावर तिला मनस्वी दिसली. दोन्ही हातांत बाबांचा फोन, छातीशी धरलेला, आणि अंगठा काचेवर. रुग्णवाहिकेचा एकशे आठ नंबर आधीच लावून ठेवलेला होता, फक्त दाबायचा बाकी. पोर डोळ्यांची पापणी न लववता आईकडे बघत होती, जणू तिने नजर काढली तर आई पडेल.

आणि तिथेच भीती आली. मुसळ सुरू झालं. थांब, सगळं अंग म्हणालं, थांब, गडग्यावर बस, तुझी जागा तीच आहे. निशिगंधाने तोंड उघडलं आणि मोठ्याने बोलायला लागली. "बांगडे घ्यायचे चार. खवले काढून... चिरा द्यायच्या. त्रिफळं ठेचायची..." बाजूने जाणाऱ्या दोन कॉलेजच्या मुली चमकून वळल्या. "हळद. मीठ. मिरची... बेडगी..." शब्द तुटले, तिने पाय आखडते घेतले. शब्द जुळले. गडगा आला. गडगा गेला. मनस्वी तिच्या बाजूने, रस्त्याच्या कडेकडेने, चालायला लागली होती, फोन तसाच छातीशी.

"आई, थांबतेस का? आई?"

"चिंच... शेवटी," निशिगंधा म्हणाली. "थांबत नाही."

वळायची खूण म्हणून ठेवलेल्या शंकूला तिने हाताने स्पर्श केला आणि ती उताराला लागली. भीती तिच्याबरोबरच वळली, तिच्याबरोबरच उतरली. पुलाच्या अलीकडे तर ती एवढी वाढली, की तिला रस्त्यावरचे पांढरे पट्टे सोडून काही दिसेना. पण पाय पळत राहिले. बेचाळीस मिनिटं आणि काही सेकंदांनी ती रेषेपार गेली आणि कठड्याला धरून वाकली.

स्कूटर येऊन थांबते न थांबते तोच मनस्वी उडी मारून उतरली. ती आईला बिलगली नाही. तिने आईचा चेहरा दोन्ही हातांनी वर केला, ओठांचा रंग बघितला, डोळे बघितले, आणि मग म्हणाली, "बोल काहीतरी."

"काय... बोलू?"

"काहीपण."

"भूक... लागलीय."

मनस्वी रडायला लागली. भर रस्त्यात, मोठमोठ्याने, नाक पुसायचंही भान नाही. मन्सूरचाचा केळी घेऊन येत होते, ते लांबच थांबले.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. पहाटेचा हात आणखी काही दिवस येत राहिला. मग एक दिवसाआड झाला, मग कधीतरी थांबला. नेमका कधी, ते निशिगंधाला सांगता येणार नाही. मार्चच्या मधल्या आठवड्यात मनस्वीने जेवताना विषय काढला. सुट्टीतल्या शिबिरासाठी स्टेडियमवर निवड होती, सहाशे मीटर. बाईंनी परत विचारलं होतं.

"तुला जायचंय?"

मनस्वी भाताशी खेळत राहिली. "भीती वाटते," ती म्हणाली.

"मग नको जाऊस." हे शब्द निशिगंधाच्या जिभेवर आले. इतके जवळ, इतके सोपे. नुसतं म्हणायचं होतं, आणि पोर आयुष्यभर तिच्या नजरेसमोर सुखरूप बसली असती. तिने पाण्याचा घोट घेतला. "मलाही वाटते," ती म्हणाली. "किती वाजता आहे?"

निवडीच्या सकाळी ऊन आठ वाजताच तापलं होतं. अकरा मुली रेषेवर उभ्या राहिल्या. निशिगंधा पायऱ्यांवर बसू शकली नाही, ती मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिने हाताची घडी इतकी घट्ट घातली होती की नखं दंडात रुतली. पहिली फेरी मनस्वी मधल्या घोळक्यात होती. तीन महिने पाय बसले होते, ते दिसत होतं. पुढच्या अर्ध्या फेरीत ती एकेकीला मागे टाकत वर आली आणि समोरून जाताना तिचा चेहरा लालबुंद होता, तोंड वेडंवाकडं. निशिगंधाच्या घशातून आवाज वर आला. तो तिने दातांत धरला. शेवटचे पन्नास मीटर. चाळीस. मनस्वीने रेषा ओलांडली, दोन पावलं टाकली आणि ती पडली.

ती सपाट, तोंड मातीकडे करून पडली.

निशिगंधा केव्हा निघाली ते तिला कळलं नाही. पर्स कुठे, चप्पल कुठे. ती मैदान आडवं कापत धावत होती, सगळ्या बळानिशी, आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. देवा, नको. देवा, मी दिली सही, मी. तिने मुलीशेजारी अंग टाकलं, खांद्याला धरून तिला उलटी केली.

मनस्वीचे डोळे उघडे होते. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. कपाळावर, नाकावर, दातांवरसुद्धा लाल धूळ.

"तिसरी," ती धापा टाकत म्हणाली. "आई... तिसरी... आले."

"पडलीस तू! पडलीस का?"

"लेस... सुटली." मग तिने मान उचलून मागे बघितलं आणि आईला कोपराने ढकललं. "आई, बाजूला हो ना! मुली येतायत अजून!"

खरंच येत होत्या. निशिगंधा गुडघ्यांवरच सरकत पांढऱ्या रेषेच्या बाहेर आली. राहिलेल्या मुली एकेक करून तिच्या पुढ्यातून धापा टाकत निघून गेल्या, आणि शेवटची गेल्यावर तिने मनस्वीचा पाय मांडीवर ओढून सुटलेली लेस घट्ट बांधायला घेतली.